ओळख देणारा

आमच्या धंद्यात नाही म्हणायची सोय नसते. मी मंडपवाला. जुन्नरला माझं गोडाऊन आहे आणि त्यात खांब, पडदे, सतरंज्या, खुर्च्या, पातेली आणि हल्लीच्या हौसेपायी घेतलेली नवरा-नवरीची दोन सिंहासनं आहेत. साखरपुडा असो, लग्न असो, तेरावं असो की एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, सगळ्यांच्या आधी आम्ही जातो आणि सगळ्यांच्या शेवटी निघतो. त्यामुळं बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात, कुठंही कोणीतरी खांद्यावर हात टाकून विचारतं, "काय भाऊ, वळखलं का?"

माझं उत्तर ठरलेलं असायचं. "वळखलं म्हंजी काय! तुमाला न्हाई वळखायचं तर कोणाला?"

खरी गोष्ट अशी की मला चेहरे लक्षात राहत नाहीत. लहानपणापासूनच राहत नाहीत. शाळेतले मास्तर टोपी न घालता बाजारात भेटले तर मी त्यांना नमस्कारसुद्धा करत नसे आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल छड्या खात असे. माझ्या लक्षात राहतात ती अंगणं. एकदा जिथं मांडव टाकला ते अंगण मी जन्मात विसरत नाही. उतार कुणीकडं, विजेची तार कुठून गेलीय, पहार कुठं अडली, पाहुण्यांच्या चपला कुठं साचल्या, सगळं आठवतं. पण त्याच अंगणात हळदीला नाचलेला नवरीचा बाप आठवड्यानं समोर आला तर तो मला परका असतो.

हे कोणाला सांगता येतं का? माणसं दुखावतात. 'मोठा झाला आता, कशाला ओळखेल आपल्याला' असं म्हणतात आणि पुढच्या कार्याला दुसऱ्याचा मांडव लावतात. म्हणून मी सगळ्यांनाच ओळखायचो. पाठीवर थाप मारायची, 'घरी सगळी बरी ना' म्हणायचं, चहा पाजायचा. बोलता बोलता अंगणाचा धागा लागला तर लागला, नाहीतर चहा तरी झालाच. बायको चिडवायची, "तुमी आरशात बघून पण म्हणाल, वळखलं राव, बसा, चहा घ्या."

यात कोणाचं काही बिघडतं असं मला पन्नाशी उलटेपर्यंत वाटलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मढ गावाकडचा एक माणूस गोडाऊनवर आला. त्याला मात्र मी ओळखला, कारण त्याच्या मोटारसायकलचा सायलेन्सर कायम फुटका असायचा आणि तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळायचं. त्याच्या दोन बहिणींच्या लग्नांना मांडव माझेच होते.

"राव, एक काम व्हतं," तो म्हणाला. "चुलतीची जमीन विकायचीय. रजिस्टरला वळखीची दोन माणसं लागत्यात. एक हाय, दुसरं तुमी चला."

ज्यांनी कधी खरेदीखत केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमीन विकणारा माणूस कचेरीत उभा राहिला की 'हा तोच' असं सांगायला दोघं जण लागतात. खत करून देणाऱ्याला आम्ही स्वतः ओळखतो, असं ते दोघं सरकारला सांगतात. त्यांचे फोटो निघतात, अंगठे घेतले जातात. सगळा व्यवहार त्या दोघांच्या शब्दावर टेकलेला असतो. पण आमच्याकडं हे कोणी एवढं मनावर घेत नाही. 'सही मारायला चला' हे 'चहा मारायला चला' याच चालीवर म्हणतात. मी अशा कितीतरी सह्या मारल्या होत्या. पांढरा शर्ट, ओळखीचा चेहरा, हाकेला ओ देणारा, म्हणून मला नेहमी बोलावणं यायचं आणि मला ते आवडायचंही.

"चुलतीला वळखता ना?" त्यानं विचारलं. "चुलत्याच्या तेराव्याला मांडव तुमचाच व्हता."

"वळखतो की!" मी म्हणालो.

आणि म्हणता म्हणता माझ्यासमोर ते अंगण उभं राहिलं. माळशेजच्या रस्त्यावरून आत वळायचं, मग चढ. घर लहान, पण अंगण मोठं आणि ते सगळं कातळाचं. वर बोटभर माती, खाली एकसंध दगड. पहार मारली तर ठिणग्या उडायच्या. आमची एक पहार तिथं वाकली होती. शेवटी रिकाम्या पिंपांत दगड भरून त्यांत खांब उभे केले आणि एका बाजूचे दोर जांभळीला बांधले. खाली उतारावर भाताची खाचरं होती. सगळं लख्ख आठवलं. त्या घरची बाई कशी होती, ते काही केल्या आठवेना.

ठरल्या दिवशी कचेरीच्या बाकावर एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, हात मांडीवर. मी जवळ जाताच ती म्हणाली, "वळखलं का भाऊ?"

"वळखलं की वहिनी. बरं हाये ना?"

त्या दिवशी कचेरीतला सर्व्हर बंद पडला होता, म्हणून सगळे खोळंबले. पुतण्या सारखा फोनवर. दुसरा साक्षीदार त्याचा कोणी मित्र होता, तो तंबाखू मळत बाहेर उभा. मला गप्प बसवत नाही. मी आपला बोलायला धागा काढला.

"वहिनी, तुमच्या अंगणानं लई छळलं व्हतं आमाला. खांब काय उभं राहीनात. आठवतंय ना?"

तिनं आधी पुतण्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय ना. लई चिखल व्हता तवा. समदं रुतत व्हतं."

चिखल. ते तेरावं ऐन उन्हाळ्यात झालं होतं, आणि पावसाळ्यात झालं असतं तरी त्या कातळावर चिखल करू म्हटलं तरी होणार नाही. जी बाई त्या घरात नांदली, रोज ते अंगण झाडत आली, ती आपल्या अंगणात खांब रुतले असं कसं म्हणेल?

मी पुतण्याकडं पाहिलं. तो फोन कानाला लावूनच माझ्याकडं बघत होता. फोन खाली घेत हसला. "चुलतीला आजकाल काय आठवत न्हाई, राव. वय झालं."

मी मान हलवली. मला ते पटलं असं नाही. मी ते पटवून घेतलं. मी फक्त एवढं विचारायला हवं होतं की वहिनी, अंगणात झाड कसलं आहे? एका प्रश्नात निकाल लागला असता. पण त्याचा अर्थ असा झाला असता की भरल्या कचेरीत एका बाईला तोंडावर म्हणायचं, तुम्ही त्या नाहीच. आणि ती तीच निघाली असती तर? चुलतीचा अपमान केला म्हणून सगळ्या मढमध्ये माझं नाव खराब झालं असतं. असले विचार मी बाकावर बसून करत होतो, आणि तेवढ्यात सर्व्हर चालू झाला.

"या बाईंना तुम्ही ओळखता?" आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

"हो, ओळखतो."

कॅमेऱ्यापुढं बसवलं, अंगठा घेतला. फोटोत मी हसतोय. लग्नघरची सवय, कॅमेरा दिसला की हसू येतं. नंतर आम्ही मिसळ खाल्ली आणि मी गोडाऊनवर परतलो. बाकी एक पैसाही मी घेतला नाही. आज वाटतं, घेतले असते तर निदान लोकांना माझं वागणं समजलं असतं. फुकटात केलं यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

पुढं लग्नसराई लागली. कुठं ओल्या जमिनीत पहार सहज आत गेली की मला ते आठवायचं, चिखल व्हता, समदं रुतत व्हतं. मग मी पोरांवर ओरडायचो. दोर नीट बांधता येत नाही का, पडदा उलटा लावलाय, असं काहीही. पोरं म्हणायची, मालकांना उन्हानं धरलंय.

असाच एकदा दुपारी मी गोडाऊनपुढं धुतलेले पडदे वाळत घालत होतो. एक बाई येऊन उभी राहिली. अंगानं किरकोळ, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"वळखलं का भाऊ?"

"वळखलं की! या, बसा. अरे पाणी आणा रे."

ती बसली नाही. म्हणाली, "मंग सांगा, मी कोण?"

इतक्या वर्षांत हा दुसरा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. 'वळखलं' म्हटलं की माणसं खूश होतात, पुढं परीक्षा घेत नाहीत. मी चाचपडायला लागलो. "तुमी म्हंजी आपल्या… ओतूरच्या… त्या ह्यांच्या…"

तिनं पिशवीतून दस्ताची झेरॉक्स काढली आणि एका फोटोवर बोट ठेवलं. फोटोत मी हसत होतो.

"हे तुमीच ना? मी मढची. माझ्या मालकाच्या तेराव्याला मांडव तुमचा व्हता. तुमी सरकारला सांगितलंय, मला वळखता म्हणून. मंग वळखा की."

हातातला ओला पडदा मी दोरीवर टाकला. पाणी घेऊन आलेला पोरगा आमच्याकडं बघत थांबला आणि तिनं पाण्याला हात लावला नाही.

मग ती उभ्या उभ्याच बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. तलाठ्याचा माणूस घरी नोटीस घेऊन आला होता. तुम्ही जमीन विकलीय, सातबाऱ्यावर घेणाऱ्याचं नाव लावायचंय, हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा. तिला आधी वाटलं, हा माणूस घर चुकलाय. मग वाटलं, आपणच काहीतरी विसरलो. "दोन दिस मी इचार करत व्हते भाऊ, का मी कवा गेले आन् कवा अंगठा दिला," ती म्हणाली. घराखालची भाताची खाचरं, तेवढीच तिची जमीन. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर नाव तिचं लागलं. वर्षाचा तांदूळ त्यातच. पुतण्या गेली दोन-तीन वर्षं विक म्हणत होता, रस्त्याकडची जमीन म्हणून गिऱ्हाईक लागलं होतं, आणि ही नाही म्हणत होती. आता तो गावभर सांगत फिरत होता की चुलतीनंच विकली आणि भाव वाढलेला बघून फिरली.

"मी हरकत टाकलीय. मंडल अधिकारी म्हणाल्या, साक्षीदाराचा जबाब घिऊ. तुमी येऊन खरं ते सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. "मला फसवलं, वहिनी."

"मला वाटलंच," ती म्हणाली. पिशवीची गाठ मारून निघाली, आणि दोन पावलं जाऊन परत वळली. "ती बाई कशी व्हती वो दिसायला?"

हिचं सोंग घेऊन जी आली होती, जिनं हिच्या नावानं अंगठा दिला, ती कशी दिसते ते हिला जाणून घ्यायचं होतं. आणि मला तेही सांगता आलं नाही. दस्तावरचा तिचा फोटो तर असा काळा उमटला होता की पदराखाली कोणीही असू शकलं असतं.

माझी बायको गोडाऊनच्या मागच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती बाई गेल्यावर म्हणाली, "भीड भिकेची बहीण म्हनत्यात. पर भीक तुमाला न्हाई लागली. ती त्या बिचारीला लागली."

त्यानंतर मी वकील गाठला. माणूस भला होता, सरळ बोलला. खोटी ओळख देणं हाच मुळात गुन्हा आहे, म्हणाला, जमीन विकायला तोतया उभा करणाऱ्याइतकाच. बाईचा अंगठा तपासणीला जाईल, खरं-खोटं बाहेर येईल, पण त्याला काळ लागेल. तोवर नाव लागलं तर जमीन पुढं आणखी कोणाला विकली जाईल आणि मग ती बाई जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवेल. नाव लागतं की थांबतं ते मंडल अधिकाऱ्यापुढच्या जबाबावर बरंच अवलंबून आहे.

"आता तुमचं बघू," तो म्हणाला. "तुम्ही एवढंच म्हणायचं, आलेली बाई हीच असं मला वाटलं, आणि आजही तसंच वाटतंय. वयानं चेहरा बदलतो. 'वाटलं' म्हणणाऱ्याला शिक्षा होत नाही."

"आणि त्या बाईचं?"

"तिचा वकील तिचं बघेल."

पुतण्याही येऊन गेला. सायलेन्सर दुरुस्त केला होता, म्हणून तो समोर येईपर्यंत मला कळलं नाही. "राव, मागं फिरू नका. दोघंबी अडकू. आन् तिच्यामागं हाये कोण? आज न्हाई उद्या ती जमीन माझ्याकडंच येनार व्हती. मी जरा आधी घेतली, एवढंच."

मला त्याचा भयंकर संताप आला. पण त्याला दोन शब्द सुनावायला तोंड कुठं होतं? चोरी त्यानं केली हे खरं. पण दार आतून मी उघडून दिलं होतं.

आणखी एक वाट मला सुचली होती, ती सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते. वाटलं, जबाबात ठासून सांगावं की या मढच्या वहिनींना मी कितीतरी वर्षं ओळखतो, त्यांच्या हातचं जेवलोय, आणि ती दुसरी बाई पुतण्यानं दमदाटी करून माझ्या गळ्यात मारली. बाई वाचेल, मीही चांगला ठरेन. दोन दिवस मी त्या गोष्टीवर खूश होतो. मांडवातल्या खुर्च्या मोजताना मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवत होतो. बायकोला बोलून दाखवलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजी परत वळखलं म्हणनार?"

मंडल अधिकाऱ्यांची खोली लहान होती, त्यात आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे. अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. पुतण्या आणि त्याचा वकील एका बाजूला, माझा वकील माझ्या मागं, आणि खिडकीजवळ मढची वहिनी, आपल्या गावच्या एका म्हाताऱ्याबरोबर. तिथं कोण कोण येणार ते माहीत होतं, म्हणून ती मला ओळखू आली. रस्त्यात भेटली असती तर आली नसती.

"दस्ताच्या दिवशी आलेली बाई हीच का?" मॅडमनी विचारलं.

मी वहिनीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. पाठ करायचा असल्यासारखा पाहिला. हनुवटीवर गोंदण, एका भुवईत जुना व्रण. ती माझ्याकडं निवांत बघत होती, आपला माणूस बोलायला उभा राहिलाय अशा भरवशानं.

"मला सांगता येत नाही, मॅडम," मी म्हणालो.

मागं माझ्या वकिलानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. पुतण्याचे खांदे सैल पडले. 'वाटलं' नसलं तरी हेही चालण्यासारखं होतं. तिथंच थांबलो असतो तर बहुतेक सुटलो असतो.

मॅडम लिहायला लागल्या. "म्हणजे हीच असू शकेल?"

"नाही. ही नव्हती."

"आत्ता म्हणालात सांगता येत नाही."

"चेहऱ्यावरून नाही सांगता येत. मी ह्यांना ओळखत नाही, मॅडम. त्या बाईलाही ओळखत नव्हतो. पण ती बाई ह्यांच्या घरची नव्हती, ते मला तेव्हाच कळलं होतं." आणि मग मी कातळ सांगितला, वाकलेली पहार सांगितली, दगड भरलेली पिंपं सांगितली, आणि त्या बाईनं सांगितलेला चिखल सांगितला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे अंगठा देण्याआधी कळलं होतं की नंतर?"

"आधी."

"मग दिला का?"

"भिडेपोटी," मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, भीड असं जबाबात लिहिता येत नाही. कोणी धमकी दिली होती का? नाही. पैसे दिले? नाही. मग त्यांनी लिहिलं, कोणाच्याही दबावाशिवाय. मी त्याखाली सही केली. माझ्या वकिलानं फाइल बंद केली आणि पुतण्या दार आपटून बाहेर गेला.

मी वहिनीकडं वळलो. माझा निर्लज्जपणा बघा, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं दिसेल अशी माझी अपेक्षा होती. सुटले एकदाची, असं काहीतरी. ती खिडकीला धरून उभी होती.

"म्हंजी तुमाला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "मी आपली गावात समद्यांना सांगत व्हते, मंडपवाल्या भाऊला फशिवलं म्हणून. तो तसा न्हाई म्हणून."

बरोबरच्या म्हाताऱ्यानं तिला हाताला धरून बाहेर नेलं.

घेणाऱ्याचं नाव लागलं नाही. सातबारा आजही तिच्याच नावावर आहे. दस्त रद्द करण्याचा दावा कोर्टात चालू आहे आणि अंगठा अजून तपासणीतच आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, त्यात पुतण्या आहे, त्याचा मित्र आहे, मी आहे आणि ती बाई आहे. मंचरला बाजारात कांदे-बटाटे निवडायच्या कामावर होती ती. चुलती आजारी आहे, तिच्या जागी नुसतं बसायचं, असं तिला सांगितलं होतं म्हणे. तारखेला आम्ही एकाच बाकावर बसतो. परवा शेजारी येऊन बसलेल्या बाईला मी सरकून जागा दिली, आणि पुकारा झाला तेव्हा कळलं की ती तीच. जामिनावर असलेला मंडपवाला म्हणून काही कार्यं गेली, काही टिकली. आता कोणी 'वळखलं का' विचारलं तर मी म्हणतो, "न्हाई वळखलं, सांगा कोण." माणसं रागावतात. रागावू देत.

भाताच्या लावणीच्या दिवसांत मी मढला गेलो. बोलावलं कोणी नव्हतं. जमीन जागेवर आहे का ते बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं तर एक वाक्य तयार करून नेलं होतं, माफी मागायचं. अंगण तसंच होतं. पावसानं धुऊन निघालेला कातळ, कडेला जांभळ. दाराला कडी होती. खाली खाचरात बायका ओळीनं लावणी करत होत्या. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, कमरेत वाकलेल्या, पाय पोटरीपर्यंत चिखलात. चेहरा एकीचाही दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी मला काय उपयोग होता? मी बांधावर उभा राहिलो आणि कोणाला हाक मारावी ते कळेना.

"वहिनी," मी मोघम हाक मारली.

दोघी-तिघी उभ्या राहिल्या. एक जण म्हणाली, "अगं, तो जुन्नरचा मंडपवाला न्हवं का? तुज्याकडंच आला असंल."

मग टोकाची एक सरळ झाली. चिखलाचे हात अंगापासून लांब धरून तिनं माझ्याकडं पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. घाई केली नाही.

"न्हाई बाई," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "मी न्हाई वळखत ह्यांना."

आणि खाली वाकली. बाकीच्याही वाकल्या. मी आणलेलं वाक्य तोंडातच राहिलं. ते बोलायचा हक्क आता राहिला नव्हता हे मला समजलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. ओळ रोपं लावत एकेक पाऊल मागं सरकत होती, बायका मध्येच जागा बदलत होत्या. थोड्या वेळानं त्यांच्यात ती कोणती, ते मला पुन्हा सांगता येईना.